हँडगार्ड आणि आरसे एकाच बैठकीत बसवा

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या भागातले रस्ते अरुंद होतात. कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, त्याच्यामागे दोन ट्रॉल्या आणि ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला ऊस. चार वर्षांपूर्वी शिरोळच्या रस्त्यावर अशीच एक जोडट्रॉली समोरून आली. मी मोटरसायकल साइडपट्टीवर उतरवली, तरी दोन कांड्यांची टोकं उजव्या मुठीवरून घासत गेली. बोटांवरची कातडी सोलली, उजवा आरसा फिरून टाकीकडे वळला. मला जखमेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. पुढच्या ब्रेकवर ठेवलेली बोटं त्या क्षणी ब्रेकवर राहिली नव्हती.

त्याच आठवड्यात हँडगार्ड, म्हणजे मुठींपुढे बसणारी बोटांची ढाल, घेतले आणि एका गॅरेजमध्ये बसवून घेतले. बसवणाऱ्याने अर्ध्या तासात काम उरकलं. पुढच्या रविवारी गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना एका वळणाआधी रेस सोडली, तर गाडीचा आवाज कमी होईना. उजव्या गार्डचा टोकाचा बोल्ट इतका आवळला होता, की ग्रिपची कड गार्डच्या पट्टीला चिकटली होती आणि ॲक्सिलेटर अर्ध्यावर अडकला होता. क्लच दाबला, इंजिन बंद करणारा किल-स्विच मारला, कडेला थांबलो. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून हे काम मी स्वतःच करतो, माझ्या हिमालयन ४११ वर आणि ओळखीतल्यांच्या गाड्यांवरही.

काम अवघड नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला तीन तास लागतील, पुढच्या वेळी दीड. फक्त एक गोष्ट आधीच मनात पक्की ठेवा. हँडलवर जागा फार थोडी असते. ग्रिप, लीव्हर, स्विच, ब्रेकचा पाइप, क्लचची केबल, आरशाची दांडी आणि आता गार्डची पट्टी, हे सगळं तेवढ्यात दाटीवाटीने बसवायचं असतं. म्हणून आज गार्ड आणि पुढच्या महिन्यात आरसे असं करू नका. गार्डचा क्लँप जिथे हवा, नेमकी तिथेच आरशाची दांडी असते, आणि एक हलवलं की दुसरं हलवावंच लागतं.

आणि प्रत्येक टप्प्यानंतर एक तपासणी करायची: रेस पूर्ण पिळा आणि सोडून द्या. टक् असा आवाज होऊन ती आपोआप जागेवर आली पाहिजे. हळूहळू, रेंगाळत परत आली तर काम तिथेच थांबवा. ही तपासणी मी या लेखात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

कोणता गार्ड घ्यायचा

बाजारात ढोबळमानाने दोन जाती आहेत. पहिली, नुसत्या प्लास्टिकची. तिला बरेच जण नकलगार्ड म्हणतात. ती हँडलला एकाच ठिकाणी, लीव्हरच्या किंवा आरशाच्या बोल्टजवळ धरलेली असते. वारा, पाऊस, फांद्या, उसाचं पाचट यांपासून ती बोटं वाचवते. गाडी पडली तर मात्र प्लास्टिक वाकतं आणि लीव्हर मोडायचा तो मोडतोच.

दुसऱ्या जातीत ॲल्युमिनिअमची पट्टी असते. तिचं एक टोक हँडलच्या बाहेरच्या तोंडात बसतं, दुसरं आत, वळणाजवळ क्लँपने धरलेलं असतं. पट्टीवर प्लास्टिकचं कवच. गाडी आडवी झाली तर हँडलचं टोक आणि ही पट्टी जमिनीला लागते, लीव्हर वाचतो. राधानगरीच्या अलीकडे लाल मातीत माझी गाडी दोनदा डाव्या अंगावर आडवी झाली. दोन्ही वेळा पट्टी खरवडली, क्लचचा लीव्हर मात्र शाबूत. रानात क्लचचा लीव्हर मुळापासून मोडणं म्हणजे गाडी ढकलत नेणं, हे ज्याने सोसलंय त्याला या पट्टीची किंमत कळते.

या बंद पट्टीची एक उणी बाजूही आहे, ती सांगायला हवी. जोरात पडताना हात हँडलवरून सुटून बाहेर जायला हवा असतो आणि चहूबाजूंनी बंद असलेल्या कडीत मनगट अडकू शकतं. त्यामुळे काही अनुभवी लोक बाहेरचं टोक मोकळं असलेले गार्डच वापरतात. माझं मत असं: गाडी शहरात आणि हायवेवरच चालणार असेल तर चांगलं नकलगार्ड पुरे. कच्चे रस्ते, घाट, धरणाच्या मागचे जंगलातले रस्ते असतील तर पट्टीवाला घ्या, पण असा घ्या की मूठ आणि कवच यांच्यात दोन बोटांची तरी मोकळी जागा राहील.

हँडगार्डचा मूळ उपयोगही झाडीतलाच. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रसिद्ध ब्रँडचं नाव बार्कबस्टर्स आहे. बार्क म्हणजे झाडाची साल. आपल्याकडे करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरीची झुडपं तेच काम करतात.

स्पोर्ट बाइकला, जिथे हँडलचे दोन वेगळे तुकडे थेट शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्यांना लावलेले असतात, तिथे पट्टीवाले गार्ड लावायच्या भानगडीत पडू नका. आतला क्लँप धरायला सरळ जागा मिळत नाही, आणि हँडल पूर्ण वळवलं की गार्ड टाकीला किंवा फेअरिंगला, म्हणजे पुढच्या आवरणाला, लागतो.

मागवण्याआधी मोजा

ऑनलाइन "सर्व गाड्यांना बसतो" असं लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. व्हर्नियर कॅलिपर घ्या. नसेल तर शेजारच्या लेथवाल्याकडे गाडी न्या, तो दोन मिनिटांत मोजून देईल.

आधी हँडलच्या नळीचा बाहेरचा व्यास, ग्रिपच्या आत, जिथे नळी उघडी आहे तिथे मोजा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तो २२ मिलीमीटर असतो. काही ॲडव्हेंचर गाड्यांचं हँडल मधे जाड आणि टोकांना बारीक असतं, त्याचा मधला व्यास २८ मिलीमीटरच्या आसपास भरतो. आतला क्लँप कोणत्या भागावर येणार, त्यावर त्याचं माप ठरतं.

मग हँडलचं टोक बघा. तिथे वजनाचा गोळा असतो, त्याला बार-एंड म्हणतात. तो काढल्यावर आत आटे असलेला बुश, म्हणजे नळीत बसवलेला धातूचा तुकडा, आहे का नुसती पोकळ नळी, हे बघा. आटे असतील तर गार्डचा बोल्ट थेट त्यात जातो, बहुधा ६ किंवा ८ मिलीमीटरचा. पोकळ असेल तर फुगणारा बुश लागतो. बोल्ट आवळला की तो आतून पसरतो आणि नळीला धरतो. या बुशचं माप नळीच्या आतल्या व्यासाशी जुळलंच पाहिजे. अर्धा मिलीमीटर लहान असला तरी तो कितीही आवळा, गरगर फिरतच राहतो. माझ्या एका मित्राच्या गाडीला तयार बुश बसेना, तेव्हा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनिअमचा बुश करून घेतला. असा बुश जुळणारा मिळत नसेल तर बनवून घ्या. कागद गुंडाळून किंवा टेप लावून काम भागवू नका.

तिसरं माप आतल्या क्लँपसाठी. लीव्हरचा क्लँप आणि हँडलचं वळण यांच्यामध्ये सरळ, मोकळी जागा अडीच-तीन सेंटिमीटर तरी हवी.

आरशाचे आटे

आरसा मागवण्याआधी आट्यांचं बघायचं. बहुतेक मोटरसायकलींना १० मिलीमीटरचा बोल्ट असतो, काही स्कूटरना ८ चा. दोन आट्यांमधलं अंतरही वेगवेगळं असतं, जपानी वळणाच्या गाड्यांना १.२५ मिलीमीटर, काही युरोपीय गाड्यांना १.५. १.२५ च्या भोकात १.५ चा बोल्ट पहिले दोन वेढे जातो आणि मग घट्ट होतो. तिथे जोर लावला की लीव्हरच्या बुडाचे, म्हणजे लीव्हरला हँडलवर धरणाऱ्या आणि आरसा ज्यात बसतो त्या भागाचे, ॲल्युमिनिअमचे आटे गेलेच म्हणून समजा.

यामाहाच्या पुष्कळ गाड्यांना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. म्हणजे नेहमी सैल करायला जिकडे फिरवतो तिकडे फिरवलं तर तो आणखी आवळला जातो. त्यामागे विचार आहे. समोरून काही आरशाला धडकलं तर तो मागे फिरतो आणि उलट्या आट्यांमुळे मोडण्याऐवजी सैल होतो. तुमच्या गाडीचे आटे कसे आहेत हे ओळखायला सोपी युक्ती आहे. रबरी टोपण वर सरकवा आणि उघड्या आट्यांकडे समोरून बघा. दांडी उभी धरल्यावर आट्यांच्या रेषा डावीकडून उजवीकडे वर चढत असतील तर सुलटे, उजवीकडून डावीकडे वर चढत असतील तर उलटे. डावा आरसा बहुतेक वेळा सुलटाच असतो, म्हणून त्याच्याशी ताडून बघता येतं.

नवा आरसा सुलट्या आट्यांचा आणि गाडी उलट्या आट्यांची असेल तर मधे बदलाचा जोडतुकडा मिळतो. तो घेताना पोलादी घ्या.

काच कशी असावी? आपल्या आरशांच्या काचा बहुधा किंचित फुगीर असतात. त्यांत रस्ता जास्त दिसतो, पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लहान आणि लांब भासते. नुसत्या सपाट काचेत अंतर खरं दिसतं, पण पट्टा अरुंद. नवी काच जुन्यापेक्षा जास्त फुगीर असेल तर पहिले आठ दिवस लेन बदलताना आरशावर विसंबू नका, मान वळवून बघा. काळी किंवा निळसर झाक असलेल्या काचा दिवसा छान दिसतात, रात्री पावसात त्यांत काही दिसत नाही. माझ्या मते आरशात बचत करायची नसते आणि हौसही करायची नसते. काचेचं क्षेत्रफळ मूळ आरशापेक्षा कमी असलेला आरसा घेऊच नका.

भारतात आरशांच्या दर्जासाठी एआयएस-००१ आणि ते गाडीवर कसे बसवावेत यासाठी एआयएस-००२ अशी मानकं आहेत. पुण्याच्या वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय या संस्थेत वाहनांच्या अशा चाचण्या होतात. बाहेरून आलेल्या चांगल्या आरशावर वर्तुळातलं इंग्रजी ई अक्षर आणि शेजारी आकडा असा युरोपीय मान्यतेचा शिक्का असतो. तो बघून घ्या. आरसे काढून टाकून गाडी चालवणं नियमात बसत नाही, दंड होतो, आणि दंड झाला नाही तरी ते मूर्खपणाचं आहे.

हँडलच्या टोकाला बसणारे आरसे आणि पट्टीवाले गार्ड एकत्र नांदत नाहीत, दोघांनाही तेच भोक हवं असतं. गार्ड लावणार असाल तर दांडीवाले, शक्यतो मधे घडी होणारे आरसे घ्या. पडल्यावर ते मोडत नाहीत, दुमडतात.

हत्यारं

४, ५ आणि ६ मिलीमीटरच्या ॲलन की. ५ ची बहुधा ६ मिलीमीटरच्या बोल्टला लागते, ६ ची ८ च्या बोल्टला. १४ चा फिक्स पाना आरशाच्या नटाला, पण गाडीप्रमाणे १३ किंवा १७ चाही लागतो, म्हणून तिन्ही जवळ ठेवा. चांगल्या तोंडाचा मोठा स्टार स्क्रू-ड्रायव्हर, आट्यांना लावायचं निळं लॉकटाइट (लाल नको, ते पुन्हा उघडताना गरम करावं लागतं), थोडं ग्रीस, ब्लेड, जुना जाड टॉवेल, केबल-टाय, पांढऱ्या रंगाचा पेन. ठरावीक जोरावर आवळणारा टॉर्क पाना असेल तर उत्तम. नसेल तर लहान पाना वापरा, लांब दांडीचा पाना हाताला जास्त जोर देतो आणि बोल्ट तोडतो.

टॉवेल टाकीवर अंथरा. पाना निसटून टाकीवर पडला की पोचा कायमचा. आणि काहीही उघडण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे, वरून आणि समोरून फोटो काढा. केबल कुठून कशी गेली होती, हे तासाभराने आठवत नाही.

आधी आरसे उतरवा

गाडी सेंटर स्टँडवर, सपाट जागेवर लावा. आरशाच्या बुडाचं रबर वर सरकवा. खाली एक चेकनट दिसेल. तो लीव्हरच्या बुडावर टेकलेला असतो. दांडी एका हाताने धरून चेकनट पान्याने सैल करा. मग पूर्ण दांडी हाताने फिरवून काढा. गंज धरला असेल तर तेलाचा फवारा मारून दहा मिनिटं थांबा. ताकद लावण्यापेक्षा थांबलेलं बरं. लीव्हरचं बूड ॲल्युमिनिअमचं, बोल्ट पोलादाचा. झगड्यात नेहमी ॲल्युमिनिअम हरतं.

आटे आधीच गेलेले असतील तर बूड टाकून देऊ नका. लेथवाला किंवा चांगला फिटर त्यात हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून देतो. मूळच्या ॲल्युमिनिअमपेक्षा ते टणक असतात.

बार-एंड काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. कारखान्यातून हे स्क्रू घट्ट येतात, वर पावसाचं पाणी. स्टार स्क्रू असेल तर ड्रायव्हर तोंडात पूर्ण दाबून धरा. जितका फिरवाल त्यापेक्षा जास्त दाबा. ड्रायव्हर घसरायला लागला की लगेच थांबा, कारण तीनदा घसरला की स्क्रूचं तोंड गोल होतं. केस वाळवायच्या ड्रायरने दोन मिनिटं गरम करून बघा. तरी न हलल्यास ज्याच्यावर हातोडी मारून फिरवतात तो इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. त्याचा मार सरळ स्क्रूच्या तोंडात बसतो, तोंड घसरत नाही. मारताना कुणाला तरी हँडलचं दुसरं टोक घट्ट धरायला सांगा.

आत पोकळ रबर आणि वजन एकत्र निघतात, त्यांचा क्रम लक्षात ठेवा. ही वजनं शोभेची नसतात. एका सिलिंडरच्या गाडीत हँडलला येणारा कंप त्यांच्यामुळे कमी होतो. गार्डच्या किटमध्ये नवं वजन आलं असेल तर ठीक, नसेल तर जुनंच परत बसेल अशी जुळणी बघा. वजन काढून टाकलेल्या गाडीवर दोन तासांत बोटांना मुंग्या येतात.

काही ग्रिपचं टोक बंद असतं. ब्लेडने ते गोल कापा, हँडलच्या कडेला धरून, हळू.

गार्ड लावताना काही आवळायचं नाही

प्लास्टिकचं कवच बाजूला ठेवा, आधी फक्त पट्टी. बाहेरचा बोल्ट टोकात घाला, चार वेढे हाताने. आतला क्लँप नळीवर ठेवून त्याचे बोल्ट हाताने लावा. आता दोन्ही टोकं सैल आहेत आणि पट्टी हलते, असंच हवं. डावी बाजू आधी करा. तिथे फक्त क्लच आहे, चूक झाली तरी धोका कमी, आणि हात बसतो.

पट्टी वर-खाली फिरवून अशी लावा की ती लीव्हरच्या समोर, जवळजवळ एकाच पातळीत येईल. लीव्हर पूर्ण दाबून आणि पूर्ण सोडून बघा. सोडलेल्या लीव्हरचं टोक पट्टीला लागता कामा नये. क्लचची केबल पट्टीच्या वरून किंवा खालून जाईल, पण मधे चिमटता कामा नये. केबल एका ठिकाणी जरी तीव्र कोनात वळली तर क्लच जड होतो आणि काही महिन्यांत आतल्या तारा तुटायला लागतात.

आतल्या क्लँपसाठी जागा अपुरी पडली तर लीव्हरचा क्लँप सैल करून अर्धा सेंटिमीटर बाहेर किंवा आत सरकवता येतो. तसं केलंत तर लीव्हरचा कोनही आत्ताच नीट करून घ्या. गाडीवर बसा, हात सरळ पुढे करा, बोटं लीव्हरवर ठेवल्यावर मनगट वर किंवा खाली न मोडता सरळ रेषेत राहायला हवं.

उजव्या बाजूला ब्रेकच्या तेलाची डबी असते. तिच्या क्लँपवर बाण किंवा 'अप' असं लिहिलेलं असतं, ते वरच ठेवा. परत आवळताना आधी वरचा बोल्ट, मग खालचा. डबी फार तिरकी होऊ देऊ नका. ब्रेकचा रबरी पाइप पट्टीला घासत असेल तर क्लँपची जागा बदला. पाइप केबल-टायने करकचून बांधून बाजूला ओढणं हा उपाय नाही, हँडल वळताना पाइपला सैल राहायला लागतं.

उजव्या टोकाला ग्रिप आणि गार्डचा तुकडा यांच्यात एक ते दोन मिलीमीटर फट हवीच. करूळ घाटात माझ्या गाडीत ती फट नव्हती. फट येत नसेल तर टोकात पातळ वॉशर घाला किंवा ग्रिप आत सरकवा. मग रेस पिळा, सोडा. टक्.

आता आवळायचं. बोल्टच्या आट्यांवर लॉकटाइटचा एक थेंब पुरतो. क्लँपला दोन बोल्ट असतील तर थोडा हा, थोडा तो, असे आळीपाळीने आवळा, म्हणजे दोन्ही बाजूंची फट सारखी राहते. आधी बाहेरचं टोक, मग आतला क्लँप. उलट केलंत तर पट्टी ओढली जाते आणि ताणात राहते. ६ मिलीमीटरच्या बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर, ८ च्याला २० च्या आसपास पुरतं. किटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो माना. लीव्हरचा क्लँप मात्र मी मुद्दाम थोडा हलका ठेवतो, हाताने जोर लावून फिरेल इतपत. गाडी पडली तर लीव्हर मोडण्याऐवजी हँडलभोवती फिरतो.

प्रत्येक बोल्ट आवळल्यावर पुन्हा रेस पिळा, सोडा. आवळताना पट्टी किंचित सरकते आणि मघाशी असलेली फट नाहीशी होते, हे मी स्वतः तीनदा पाहिलंय.

शेवटी कवच लावा, आणि हॉर्नचं बटण, इंडिकेटर, डिपर यांवर अंगठा पूर्वीसारखा जातो का बघा. जाड हातमोजे घालूनही बघा. महाबळेश्वरला जानेवारीच्या पहाटे तेच घालून चालवणार आहात.

नवे आरसे चढवताना

दांडीच्या आट्यांना ग्रीसचा हलका हात द्या. कोकणात राहत असाल तर हे चुकवू नका, खाऱ्या हवेत पोलाद आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना धरून बसतात. दांडी हाताने सरळ फिरवत न्या. पहिल्या वेढ्यातच अडली तर उलट फिरवून परत सुरू करा. आट्यांमध्ये खाली निदान पाच-सहा वेढे जायला हवेत.

आता हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण वळवा. गार्डचं कवच आरशाच्या दांडीला लागतंय का? आरसा विंडशील्डला? गार्ड टाकीला? लागत असेल तर आरशाला उंच करणारा जोडतुकडा घ्या किंवा कवच एक भोक खाली सरकवा. कवच कापायची वेळ आली तर कापा, पट्टी कापू नका.

दांडी हवी तिथे आणून पकडा आणि चेकनट खाली आवळा. आरसा स्वतः बुडापर्यंत आवळायचा नाही, चेकनटच त्याला जागेवर धरतो.

आरशाचा कोन लावायला हेल्मेट आणि जॅकेट घालून गाडीवर नेहमीसारखे बसा. सेंटर स्टँडवर नाही, कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा. काचेच्या मधोमध क्षितिजाची रेषा आली पाहिजे. आतल्या कडेला तुमच्या कोपराचा बारीकसा तुकडा दिसला की पुरे. अर्ध्या आरशात स्वतःचं जॅकेट दिसत असेल तर दांडी लांब हवी किंवा आरसा बाहेर वळवायला हवा. मग एखाद्याला मागे दहा पावलांवर उभं करून उजवीकडून डावीकडे चालायला सांगा. तो एका आरशातून नाहीसा होऊन दुसऱ्यात दिसेपर्यंत कुठे लपतो, ते नीट बघून ठेवा. मोटरसायकल लपते ती याच जागेत. आपण डावीकडून चालवतो, म्हणून ओव्हरटेक करणाऱ्यांसाठी उजवा आरसा महत्त्वाचा, पण पुणे-कोल्हापुरात डावीकडून घुसणारे काही कमी नाहीत. दोन्हींना सारखाच वेळ द्या.

निघण्याआधी

इंजिन चालू करा, न्यूट्रलमध्ये. हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. इंजिनचा आवाज जराही चढला तर ॲक्सिलेटरची केबल ताणली जातेय. गाडी बंद करून फोटो काढा, जुन्या फोटोशी ताडून बघा, केबल पूर्वीच्या वाटेने परत घाला.

इंजिन बंद करून हँडल तिन्ही स्थितींत, म्हणजे डावीकडे, सरळ आणि उजवीकडे ठेवून रेस पिळा आणि सोडा. तिन्ही वेळा टक्. पुढचा ब्रेक घट्ट दाबून गाडी ढकला, हलता कामा नये. क्लच दाबून सोडा, त्याला मूळचा ढिलेपणा राहिलाय का बघा. ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का तेही पाहा, लीव्हर सरकवल्यावर त्याचा स्विच कधी कधी दबत नाही.

पांढऱ्या पेनने प्रत्येक नट-बोल्टवरून शेजारच्या भागावर जाणारी बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, हे पाना न लावता कळतं.

पहिली फेरी गल्लीतच मारा, मग रिंग रोडवर. पन्नास-साठच्या वेगात आरशातलं चित्र थरथरत असेल तर आधी चेकनट तपासा, मग बार-एंडचं वजन परत बसलंय का ते. एका ठराविक वेगालाच काच धूसर होत असेल तर ती त्या दांडीची लांबी आणि इंजिनचा कंप जुळल्यामुळे. आखूड किंवा जाड दांडीने बहुधा फरक पडतो.

शंभर किलोमीटर झाले की सगळ्या रेघा बघा आणि सैल झालेलं आवळा. गाडी पडली तर वाकलेली पट्टी हाताने सरळ करून पुन्हा वापरू नका. ॲल्युमिनिअम एकदा वाकून सरळ केलं की त्याच जागी पुढच्या वेळी तुटतं, आणि तुटलेलं टोक धारदार असतं. दर पावसाळ्याआधी आरसे एकदा उतरवून आट्यांना नवं ग्रीस द्या, आणि गार्ड हलवून झाल्यावर रेस पिळून सोडा.